शटरच्या आतला नंबर

आमचे शटरवाले काका ज्या दुकानाचं शटर दुरुस्त करत, त्याच्या आतल्या बाजूला स्वतःच्या घरच्या फोनचा नंबर रंगवून ठेवत. शटर अडकलं, तर आतल्या माणसाला तो समोरच दिसावा. पुढे घरचा फोन महिन्यातले वीस दिवस मुका राहू लागला. काकांनी तो परत केला, मोबाइल घेतला आणि रंगाचा डबा उचलून दुकानोदुकानी नंबर बदलायला निघाले.

"मेसेज टाका की सगळ्यांना," काकू म्हणाल्या. "गुडघ्यांवर काय सूड उगवताय?"

"आत कोंडलेला माणूस मेसेज शोधत बसेल होय?"

अकरा दिवसांत शिंप्याचं तेवढं दुकान उरलं. सहा वर्षं दोघांचा अबोला होता. डबा धरून सोबत फिरणारा मी म्हटलं, "त्या माजोरड्याचं राहू द्या."

काका माझ्यावरच उखडले. "भांडण त्याच्याशी आहे. आत शिवायला चार बाया बसतात, त्यांनी माझं काय घोडं मारलंय?"

शिंपी आत मशीनवर बसला होता. काकांनी आत शिरून शटर खाली ओढलं, जुना नंबर खरवडला, नवा रंगवला. शिंप्याने उठून चाचपायला बोट पुढे केलं.

"ओला आहे, हात लावू नकोस," काका म्हणाले. सहा वर्षांतलं पहिलं वाक्य.

शिंप्याने बोट मागे घेतलं आणि खिशातून मोबाइल काढून नंबर उतरवून घेतला.