नावानिशी निमंत्रण

म्हसळ्यातला हा वेबसाइटवाला दुसऱ्याचा पीएचपी कोड मान तिरपी करून वाचतो आणि प्रत्येक व्हेरिएबलला, म्हणजे बदलत्या मजकुराच्या जागेला, महिरपी कंस घालतो. परवा एक वधुपिता धावत आला. त्याच्या भावाने निमंत्रणाच्या कोडमध्ये एकेरी अवतरण वापरलं; त्यातला मजकूर न बदलता जसाच्या तसा जातो, म्हणून हळदीचं निमंत्रण सगळ्या नातेवाइकांना ‘नमस्कार $naav’ असंच गेलं होतं.

“पोरीचा मामा रुसलाय. येत न्हाय म्हणतो.”

वेबसाइटवाल्याने दुहेरी अवतरण घातलं. ज्याचं त्याचं नाव उमटलं. खाली त्याने स्वतःची ओळ जोडली: ‘नावानिशी निमंत्रण फक्त तुम्हालाच.’

“ही सगळ्यांना जाणार?”

“व्हय काका. ही बदलत न्हाय, म्हणून एकेरीत ठेवली.”

हळदीला मामा सगळ्यांत आधी आला. इतरांचं मन दुखू नये म्हणून त्याने तो संदेश कुणालाच दाखवला नाही. इतरांनीही नाही.