डबाबंद गाढव

जुन्या वस्तू जमवणाऱ्यांशी मैत्री केली की वस्तू त्यांच्याकडे जमतात आणि किस्से आपल्याकडे! मी अमरावतीत प्रोजेक्टर दुरुस्त करतो. शंभर वर्षांपूर्वीच्या मुक्या कार्टूनची रिळं जमवणारी माझी दोन गिऱ्हाइकं: अकोल्याचे गुलाबराव आणि इथले बाबासाहेब. दोघांपुढेही मी हात टेकले आहेत.

गुलाबरावांना एकाने स्वच्छ रीळ दाखवलं. "रेघोट्या कुठी हायेत? नकली माल!" म्हणून त्यांनी परत केलं. त्या पठ्ठ्याने ते घरी भांड्यांच्या घासणीने घासलं आणि महिन्याने पुन्हा आणलं. गुलाबराव गहिवरले. "याले म्हनते ओरिजिनल!"

तेच रीळ मी त्यांना लावून दिलं. पडद्यावर एक उंदीर स्वतःच्याच मिशीत अडकून पडला. मला हसू आवरेना. गुलाबराव खेकसले, "हसून काहून राह्यला बे? मूकपट हाये तो!"

घ्या! आणि हे म्हणे दर्दी!

बाबासाहेब तर त्यांच्याही वरचे. जगात एकच कॉपी उरलेलं आपलं सगळ्यात लाडकं रीळ त्यांनी कधी पाहिलंच नाही. "लावलं की झिजते. मी डबा पाह्यतो ना रोज!"

ते रीळ मूळचं पातूरच्या तात्यांचं. तात्या जत्रेत तंबू टाकून सिनेमे दाखवायचे. त्या कार्टूनमधलं पँटवालं गाढव आपल्या सावलीची घडी करून खिशात ठेवतं. रीळ त्यांनी फुकट दिलं, एकाच अटीवर: "मले पाहाव वाटलं की लावून दाखवजा."

आता तात्यांची नजर चालली होती. डॉक्टरांनी हात वर केलेले. नजर जाण्याआधी एकदा ते गाढव पाहायचं, एवढंच त्यांचं मागणं. चारदा पातूरहून आले, चारदा चहा पिऊन परत गेले. "पुढच्या रविवारी पाहू," हे बाबासाहेबांचं ठरलेलं. पाचव्यांदा तात्या आले तेव्हा मीही तिथेच होतो; माझं टाळकं सरकलं. गुलाबरावही अकोल्याहून आले होते; त्यांच्यादेखत म्हटलं, "डबा उघडा, नाहीतर तुमच्या प्रोजेक्टरला मी पुन्हा हात लावणार नाही!"

उघडला. फिल्म सडल्याचा आंबट भपका आला. आत रिळाचा गच्च गोळा, गुळाच्या भेलीसारखा. मला रडूच आलं.

तात्या उठले, पडद्यापुढे उभे राहिले आणि गाढव होऊन चालायला लागले. सावलीला दटावलं, पकडलं, घडी केली, खिशात कोंबली. खिसा वळवळला तशी वरून चापट मारली! मी हसून हसून खाली बसलो. गुलाबरावसुद्धा मोठ्याने हसले.

बाबासाहेबांनी धावत जाऊन दार लावलं.

"तात्या, हे आता दुसऱ्या कोनाले दाखवू नोका! एकच कॉपी हाये!"