पोटासाठी सात डबे

कॅन्सरपेक्षा मला जुलाबांची धास्ती जास्त बसली, ती डॉक्टरीणबाईंमुळं. "काका, प्रोस्टेटला रेडिएशन म्हणजे ओटीपोटाला रेडिएशन. तिसऱ्या आठवड्यापासून पोट बिघडू शकतं. फार बिघडलं तर मध्येच थांबावं लागतं आणि मला खंड अजिबात नकोय," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. सोबत एक छापील कागद दिला. मऊ भात, पातळ ताक, तिखट बंद आणि नवीन काही सुरू करायचं तर आधी विचारा. बायकोनं तो फ्रीजला चिकटवला.

मग माणसं भेटायला यायला लागली.

आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, ही आपली रीत. पूर्वी मोसंबी यायची, शहाळं यायचं. आता डबा येतो. चाकणला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये निम्मे लोक कसली ना कसली पावडर विकतात, उरलेले निम्मे ती घेऊन पस्तावलेले असतात. पहिला डबा आणला माझ्या प्रेस लाइनवरच्या मित्रानं. हा चाकणचा मूळ गावकरी; वडिलांच्या शेतात कारखाना उभा राहिला आणि हा त्याच जागेवर शिफ्ट करतो.

"राव, ह्यात पोटाला चांगलं असत्यात ते जंतू हायेत. आतड्याला काय बी व्हनार न्हाई," तो म्हणाला.

मेहुणीनं जवसाची पूड आणली, शेजाऱ्यांनी गव्हांकुराची, सोसायटीच्या चेअरमननी कोरफडीचा रस. आठ दिवसांत सात डबे झाले. मी सातही सुरू केले. कोणाचं मन मोडू नये म्हणून, असं मी बायकोला सांगितलं. खरं म्हणजे मी घाबरलो होतो, आणि घाबरलेला माणूस दिलेलं सगळं गिळतो. डॉक्टरीणबाईंना विचारायचं राहिलं म्हणणं खोटं होईल. त्या नको म्हणतील म्हणून विचारलं नाही.

मी आयुष्यभर कंपनीच्या क्वालिटी खात्यात काम केलं. मशीनचं सेटिंग बिघडलं की एका वेळी एकच बदल करायचा, नाहीतर कशानं काय झालं ते कळत नाही, हे मी ओरडून ओरडून शिकवलं. कारखान्यात तशी पाटी लावायला लावली. एकदा एका ऑपरेटरनं दोन नॉब एकदम फिरवले, तर मी त्याचा पाणउतारा केला होता. आणि स्वतःच्या पोटात सात नॉब एकदम फिरवले.

तिसऱ्या आठवड्यात बिघडायचं पोट दुसऱ्याच आठवड्यात वेळेआधी डिलिव्हरी देऊन मोकळं झालं. सवयीनं मी तक्ता आखला: तारीख, वेळ, कितव्यांदा, काय काय घेतलं. एका दिवसात अकरा नोंदी झाल्यावर तो घेऊन दवाखान्यात गेलो. बाईंनी रकान्यांचं कौतुक केलं, मग शेवटचा रकाना वाचला.

"हे सात एकदम?"

मी मान हलवली.

"यातलं एखादं उपयोगी असेलही. जंतूंच्या पावडरीनं काहींना फरक पडतो. पण आता मला कसं कळणार, हे रेडिएशननं होतंय की डब्यांनी? सगळं बंद करा. दोन दिवसांत थांबलं नाही तर मला सिटिंग थांबवावी लागेल."

बाई माझीच पाटी मला वाचून दाखवत होत्या. घरी आल्यावर बायकोनं डबे काढून बाल्कनीत ठेवले आणि ताकभात कालवला. मला रडू आलं आणि ते मी ताकभाताबरोबर गिळलं.

दुसऱ्या दिवशी नोंदी चारवर आल्या. सिटिंग चुकली नाही, पुढेही एकही चुकली नाही. शेवटची झाल्यावर सातही जणांचे फोन आले आणि प्रत्येकानं आपल्या डब्याचा गुण आला का, ते विचारलं. मी सगळ्यांना हो म्हणालो. मित्र तर म्हणाला, "म्हनलं न्हवतं?"

चार महिन्यांनी तोच मित्र आला, पहिल्यांदाच रिकाम्या हातानं.

"घरवालीला पिशवीच्या तोंडाशी कॅन्सर निघालाय. तिला बी तेच रेडिएशन हाय. खरं सांग भावा, कुठली पावडर लागू पडली?"

त्यानं स्वतः आणून दिलेल्या पावडरीबद्दल तो मला विचारत होता. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

"एकही नाही," मी म्हणालो. "तेव्हा खोटं बोललो. डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय काही देऊ नकोस. आणि त्या दे म्हणाल्या तरी एका वेळी एकच." फ्रीजवरचा कागद काढून त्याला दिला. त्यानं तो घडी करून खिशात घातला.

वहिनींच्या सिटिंग सुरू झाल्यावर त्यांना भेटायला चाकणला निघालो. कोपऱ्यावरच्या मेडिकलसमोर पाय थांबले. रिकाम्या हातानं कसं जायचं? मी एवढा शहाणा झालो होतो, तरी डबा घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो.

मित्रानं डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डबा घेऊन त्यानं तो फळीवर ठेवला. तिथं आधीच सहा होते. खाली फ्रीजवर माझा कागद चिकटवलेला होता आणि वहिनी ताकभात जेवत होत्या.

सहाही डब्यांची सीलं शाबूत होती.