कोरडं आहे ना?

दातांच्या दवाखान्यात वर्षानुवर्षं काम केलं की माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, तोंडं लक्षात राहतात. धाकटीचं तसंच झालं होतं. रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं की तिला आधी त्याची वरची डावी दाढ आठवायची, आणि आडनाव आठवलंच तर घरी पोचल्यावर. तिला धाकटी म्हणायची फक्त तिची थोरली बहीण. पण ते नाव इतकं चिकटलं की दवाखान्यातही सगळे तिला त्याच नावाने हाक मारू लागले.

खुर्चीच्या डाव्या बाजूला ती उभी राहायची. एका हातात थुंकी ओढून घेणारी नळी, दुसऱ्या हातात गाल बाजूला धरायचा आरसा. उजव्या बाजूला डॉक्टरीणबाई. बाई नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. पेशंट उशिरा आला की त्याला ऐकवायच्या, धाकटीने चिमटा उलटा दिला की तिलाही. पण दात भरताना मात्र त्या एका शब्दासाठी तिच्यावर अवलंबून असायच्या. "कोरडं?" असं त्या विचारायच्या, आणि धाकटी "कोरडं" म्हणाली की न बघता पुढचा हात चालवायच्या. जगात आपल्या शब्दावर कुणीतरी डोळे मिटून विश्वास ठेवतं, याचा धाकटीला फार अभिमान होता.

थोरली बस डेपोत चौकशीच्या खिडकीत बसायची. दिवसभर बोलायची आणि बोलण्याहून जास्त हसायची. गाडी चुकलेला तावातावाने भांडायला आलेला माणूससुद्धा तिच्यापुढे दोन मिनिटांत पाघळायचा. हसताना ती तोंड पार उघडायची आणि आतल्या सगळ्या दाढा दिसायच्या. त्यांत जुनी चांदी भरलेली, काळपट पडलेली. आई गेल्यावर धाकटीला तिनेच वाढवलं होतं. वेणी तिने घातली, पाढे तिने घोकून घेतले, आणि दात घासल्याशिवाय एका रात्री झोपू दिलं नाही. धाकटीच्या तोंडात आजही एक कीड सापडणार नाही. स्वतःच्या दातांकडे बघायला थोरलीला सवड कुठली मिळाली असणार?

दुपारी कधीतरी ती डबा द्यायला दवाखान्यात यायची. एकदा अशीच येऊन, हसून, बाकावरच्या तीन पेशंटांना हसवून गेली. दार लागल्यावर फोन घेणारी मुलगी म्हणाली, "तुझी ताई हसली ना, की कोळशाची खाण उघडल्यासारखी दिसते." सगळे हसले. धाकटीही हसली. हसायला नको होतं हे तिला हसता हसताच कळलं, पण तोवर हसून झालं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत थोरलीची खालची शेवटची दाढ दुखायला लागली. डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "कीड मागच्या बाजूने हिरडीपर्यंत गेलीय. इथे चांदी भरू. ही जागा कोरडी राहत नाही, आणि पांढरं मटेरियल ओल्यावर धरत नाही. चांदीला थोडं ओलं चालतं."

"भरा की चांदी," थोरली म्हणाली. "जुन्या मैत्रिणी आहेतच आत, अजून एक."

"मॅडम, पांढरंच भरू या ना," धाकटी मध्येच बोलली. आजवर पेशंटसमोर ती अशी कधी बोलली नव्हती.

थोरलीला तिने बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं. "ताई, चांदीत पारा असतो. कशाला तोंडात पारा? पांढरं कसं, दाताच्या रंगाचं, कुणाला कळणारसुद्धा नाही."

"अगं, खिडकीत लोक गाडीची वेळ विचारायला येतात, माझ्या दाढा बघायला नाही येत."

"माझ्यासाठी कर."

हे शेवटचं वाक्य थोरलीच्या गळी उतरलं. धाकटीसाठी करायचं म्हटलं की ती कधी दुसरा प्रश्न विचारत नसे. पाऱ्याची भीती घेऊन येणाऱ्या पेशंटांना, भरलेल्या चांदीतला पारा बाधत नाही, असं बाई शांतपणे समजावायच्या, ते धाकटीने शंभरदा ऐकलेलं होतं. तरी ती भीती तिने स्वतःच्या बहिणीला घातली. ताईला चांगल्यातलं चांगलं मिळावं म्हणून आपण हे करतोय असं तिने मनाला सांगितलं. कोळशाची खाण तिने मनातसुद्धा उच्चारली नाही.

पेशंटचीच इच्छा म्हटल्यावर बाई नाखुशीने तयार झाल्या. पांढरं भरायचं म्हणजे आधी दाताला निळं जेल लावायचं, धुवायचं, मग हवेने वाळवायचं. वाळला की दात खडूसारखा पांढराफटक दिसतो. त्यावर थुंकीचा थेंब आला तर तेवढी जागा चकाकते, आणि मग सगळं पहिल्यापासून. थोरलीच्या दाढेवर एकदा थेंब आला. बाईंनी पुन्हा जेल लावलं. पुन्हा आला.

"आता आलं तर मी सरळ चांदी भरणार," बाई म्हणाल्या. तिसऱ्यांदा धुतलं, वाळवलं. बाई ब्रश घ्यायला ट्रेकडे वळल्या. तेवढ्यात मागच्या कोपऱ्यात, हिरडीलगत, काहीतरी चकाकलं.

धाकटीने कापसाचा बोळा टेकवला. चकाकी गेली. पण कापसाने पुसलं म्हणून भागत नाही, हे तिला स्वतःच्या नावाइतकं माहीत होतं.

"कोरडं?" बाईंनी विचारलं.

"कोरडं," धाकटी म्हणाली.

थोरली तोंड उघडं ठेवून तिच्याकडे बघत होती. निळा दिवा लागला, मटेरियल कडक झालं. काम फार सुरेख दिसत होतं. आरशात बघून थोरली म्हणाली, "अगं, ही दाढ तर माझी वाटतच नाही." तिला खरंच आनंद झाला होता. ती डेपोत जाऊन सगळ्यांना दाखवून आली, आणि धाकटीला दोन रात्री धड झोप लागली नाही. मग हळूहळू लागू लागली.

काही महिन्यांनी थोरली म्हणाली की गार पाणी लागतंय. बाईंनी तपासलं, कडेने कीड पुन्हा शिरू बघतेय म्हणाल्या, आणि थोरलीला चांगलं फैलावर घेतलं. "घासता की नाही नीट? चहात साखर किती घालता?"

"तीन चमचे," थोरली खाली मान घालून म्हणाली. गृहपाठ विसरलेल्या शाळकरी मुलीसारखी ती बसली होती. धाकटी शेजारी नळी धरून उभी होती. बाई सांगत असताना तिने मान डोलवली, इतकंच नाही तर "मीही सांगत असते तिला" असंसुद्धा म्हणाली. ते वाक्य आपल्या तोंडून कसं निघालं याचं तिला अजून नवल वाटतं, आणि लाजही.

थोरलीने त्या दिवसापासून साखर सोडली. दिवसभर बोलून घसा बसला की डेपोतला गोड चहा हीच तिची एक चैन होती. आता ती बिनसाखरेचा चहा औषधासारखा घोटाघोटाने घ्यायची आणि धाकटीला सांगायची, "बघ, सवय झाली." आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता धाकटीने स्वतःच्या चहातली साखरही बंद केली. थोरलीला वाटलं, आपल्याला सोबत म्हणून. तिने त्याचंही कौतुक केलं.

दाढेतली कीड काही थांबली नाही. पुढच्या उन्हाळ्यात गाल सुजून थोरली दवाखान्यात आली. एक्स-रेमध्ये पांढऱ्या भरावाखाली सगळं काळं दिसत होतं. बाई म्हणाल्या, "मुळापर्यंत गेलंय. दोन रस्ते आहेत. मूळ साफ करून वाचवायचा प्रयत्न करता येईल, चार-पाच वेळा यावं लागेल. पण नंतर तुम्ही तिची काळजी घेतली पाहिजे. नाहीतर काढून टाकू."

"काढून टाका," थोरली लगेच म्हणाली. "माझ्याच्याने दात सांभाळले जात नाहीत. तुम्ही एवढं छान भरून दिलं होतं, साखर सोडली तरी मी नासवलंच. पुन्हा करायचं आणि मी पुन्हा घाण करायची. नको."

बाईंनी इंजेक्शन भरायला घेतलं. धाकटीच्या हातातली नळी नुसतीच हवा ओढत होती. दाढ अजून वाचवता येण्यासारखी होती, आणि थोरली ती देऊन टाकत होती, न केलेल्या चुकीची शिक्षा म्हणून. धाकटीने नळी बंद केली.

"मॅडम, थांबा. ताईने काही नासवलेलं नाही. त्या दिवशी तिसऱ्यांदाही ओलं झालं होतं. मी बघितलं होतं. तुम्ही चांदी भरली असती म्हणून मी कोरडं म्हणाले."

बाईंनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. त्या ओरडतील असं धाकटीला वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मास्क खाली केला आणि तिच्याकडे बघत राहिल्या.

थोरली खुर्चीत उठून बसली. सुजलेल्या गालावर हात ठेवून म्हणाली, "मला कळलं होतं गं."

"काय कळलं होतं?"

"पाणी आलेलं. जिभेला लागलं होतं ना. पण तू कोरडं म्हणालीस. म्हटलं, माझ्या जिभेपेक्षा तुला जास्त कळतं."

थोरलीने रागाने बघितलं असतं तर धाकटीला सोपं गेलं असतं. थोरली एक्स-रेकडे बघून बाईंना म्हणाली, "मग मी दात नीटच घासत होते म्हणायचं. असं असेल तर करू या प्रयत्न."

मूळ साफ व्हायला बरेच दिवस गेले. सूज उतरली, दुखणं थांबलं. शेवटच्या दिवशी दाढ वरून बंद करायची होती. बाईंनी थोरलीला विचारलं, "पांढरं की चांदी? तुम्ही सांगा. तुम्हीच."

"चांदी," थोरली म्हणाली. "आणि आज घरी गेल्यावर चहात साखर घालणार आहे, आधीच सांगून ठेवते."

चांदीचं मिश्रण भरलेली कुपी यंत्रात घर्रर्र करून घुसळली गेली. धाकटीने गाल बाजूला धरला, नळी लावली, कापसाचे बोळे बदलले, आणि सवयीने प्रश्नाची वाट बघत थांबली. बाईंनी काही विचारलं नाही. त्यांनी दिवा स्वतःकडे ओढला, वाकून कोपरान् कोपरा स्वतः बघितला, आणि मग भरायला सुरुवात केली.

थोरली मात्र तोंड उघडं ठेवून पहिल्यासारखीच धाकटीकडे बघत होती.