यानातले बांगडे

पायाचं दुखणं थांबलं आणि मी घरात फिरायला लागलो. त्याआधी उजव्या पायाचा अंगठा असा सुजला होता की नुसती चादर लागली तरी जीव जायचा. डॉक्टरांनी रक्त तपासलं, युरिक अ‍ॅसिड वाढलंय म्हणाले, आणि मला जे जे आवडतं ते सगळं एका दमात म्हणून दाखवलं. मटण, कोलंबी, बांगडा, तारली, सुकट. "बंद नाही, कमी करा," असं त्यांनी बजावून सांगितलं होतं. पण मला कमी काही जमत नाही. मी बंदच केलं, आणि बंद केल्याचा राग घरातल्या लाद्यांवर काढायला लागलो. हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून गॅलरीत, परत हॉलमध्ये.

लालबागला आमची चाळ होती त्याच जागेवर आता टॉवर आहे, त्यात आम्ही राहतो. माझी नोकरी संपली, बायकोची चालू आहे, त्यामुळे दिवसभर घरात मी आणि आई. आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसून माझ्या फेऱ्या बघते. "बस रे एका जागेर, माझी मान दुखूक लागली," असं ती अधूनमधून म्हणते. मी बसतो, लगेच उठतो.

माझ्या अंगठ्याचं फार काही नव्हतं. काळजी होती ती आईची. मी सोडल्यावर तिनेही मासे सोडले. कुणी सांगितलं नव्हतं. नुसती म्हणाली, "एकटीसाठी कोण करता?" जन्मभर मासळीवर वाढलेली बाई आता वरणभाताचे चार घास चिवडून ताट सरकवायला लागली. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. एकदा न्हाणीघरातून येताना तोल गेला, भिंत होती म्हणून वाचली. तिचे डॉक्टर म्हणाले, पोटात काही जात नाहीये, मासे-अंडी सुरू करा, नाहीतर ही बाई अंथरूण धरेल. मासे-अंडी एकटीसाठी नकोत म्हणाली, म्हणून पनीर आणलं, तिने बोटाने दाबून बघितलं आणि ठेवून दिलं. सोयाबीनच्या वड्यांना तर तिने असं नाव ठेवलं की ते इथे लिहिता येत नाही. बायको वैतागून म्हणाली, "तुम्ही दोघं एकमेकांसाठी उपाशी मराल आणि मी डबा घेऊन ऑफिसला जात राहीन."

मला भीती वाटत होती. भीती वाटली की मी आणखी फिरतो.

या फिरण्याला सोबत म्हणून मी एक जुनी मालिका शोधून काढली. माझ्या लहानपणी टीव्हीवर रविवारी लागायची. अंतराळात भरकटलेलं एक यान, त्यात एक कप्तान, त्याची माणसं आणि एक यंत्रमानव. कुणीतरी जुन्या कॅसेटवरून उतरवून इंटरनेटवर टाकली आहे. चित्र थरथरतं, आवाज मागाहून येतो, आणि यानाच्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत हे आता स्वच्छ दिसतं. मी ती बसून बघत नव्हतो. येता-जाता बघत होतो.

तेव्हा चाळीत आमच्या मजल्यावर एकच टीव्ही होता, टोकाच्या खोलीत. ती माणसं शाकाहारी. वाईट नव्हती, शेंगदाणेसुद्धा द्यायची. पण तिथल्या काकू दारात उभ्या राहून आम्हा पोरांना म्हणायच्या, "हात दाखव," आणि हुंगून मगच आत सोडायच्या. बांगड्याचा वास साबणाने जात नाही, लिंबानेही पुरता जात नाही. मालिका नेमकी जेवणाच्या तोंडाला. मग मी रविवारी न जेवताच जायचो. वडील गिरणीतून रात्रपाळी करून आलेले, ते जेवून झोपायचे. आई कधीच आली नाही. "हात हुंगून घेऊक मी कोणाच्या दारात जावची नाय," म्हणायची. मी परत आलो की झाकून ठेवलेलं ताट पुढे करायची, समोर गुडघा उभा करून बसायची आणि म्हणायची, "हं. काय झाला आज?" मग मी खात खात अख्खा भाग सांगायचो.

गेल्या रविवारी मी बाजारात जाऊन बोंबील आणले. कोळणीने साफ करून दिले, दाबून त्यांचं पाणी कसं काढायचं तेही सांगितलं. रवा जास्त झाला, दोन तव्याला चिकटले, पण बाकीचे बऱ्यापैकी जमले. ताट वाढून आईसमोर ठेवलं.

"माका नको," ती म्हणाली.

"का नको? मी केलेत."

"तुझ्या नाकासमोर बसून मी खाऊ? तू वरण ओरपतलंस आणि मी बोंबील?"

मी चिडलो. नको ते बोललो, डॉक्टरांचं नाव घेतलं, बांगड्या दाखवल्या. तिने तोंड फिरवलं. मग मी मालिका लावली आणि फेऱ्या सुरू केल्या.

आईने ती मालिका जन्मात बघितली नव्हती; मी लावायचो तेव्हाही तिची नजर माझ्या फेऱ्यांवरच असायची. ती हळूहळू पडद्याकडे वळली. कप्तानाने कप्प्यातून एक नळी काढली, तोंडात पिळली, आणि झालं त्याचं जेवण.

"ह्यां काय?" आई म्हणाली. "बांगडे खंय गेले?"

"कुठले बांगडे?"

"तू सांगी होतंस ते. यानात सुके बांगडे टांगलेले असत आणि तो यंत्राचो माणूस ते भाजता. कुळथाची पिठी पण असता."

मी उभाच राहिलो. मला पार विसर पडला होता. ती दर वेळी विचारायची, "ते जेवतत काय?" आणि नळीतून जेवतात हे सांगायला मला कसंतरी व्हायचं, म्हणून मी ताटात असेल ते यानात घालायचो.

"ते मी मनाचं सांगायचो, आई."

"माका काय कळत नव्हता?" ती हसली. "पण जेवण घशाखाली जाय होता त्याच्यावर."

"तू तर बाबांबरोबर जेवायचीस ना?"

"तू येयसर मी कधी जेवलंय? माझा पण ताट झाकलेला असायचा."

मला हे माहीत नव्हतं. इतके रविवार ती माझ्यासमोर बसून जेवत होती आणि मी माझ्याच गोष्टीत इतका रमलेला की मला तिचं ताट आठवतच नाही. डोळ्यांत पाणी आलं. ते दिसू नये म्हणून मी गॅलरीकडे निघालो.

"खंय चललंस?" आई म्हणाली. "बंद कर ह्यां पुठ्ठ्याचा. तू सांग. आणि आधी बस."

मी पडदा बंद केला. माझा वरणभात वाढून घेतला आणि तिच्यासमोर बसलो.

"कप्तानाच्या पायाचा अंगठा सुजला," मी सुरुवात केली. "डॉक्टरांनी त्याचे बांगडे बंद केले."

"अरे देवा. मग?"

"मग त्याने यान मागे फिरवलं आणि लालबागला आणलं. आईला यानात घेतलं."

"आणि ती काय करता थंय?"

"ती जेवते. ती जेवली नाही तर यान पुढे जात नाही."

आईने माझ्याकडे बघितलं, ताटाकडे बघितलं. मग बोंबलाचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला.

"रवो जास्त झालो," ती म्हणाली. "हं. पुढे?"