बघतोसाहेब आणि लाल गाडीची काच

आमच्या वर्कशॉपमध्ये गिऱ्हाइकांशी बोलायला जो माणूस बसायचा, त्याला आम्ही बघतोसाहेब म्हणतो. तोंडावर नाही, तोंडावर नुसतं साहेब. गाडी कधी मिळेल? बघतो. एसीला वास येतोय. बघतो. मुलगी पसंत आहे का, असं वडिलांनी विचारलं तेव्हाही हा गृहस्थ ‘बघतो’ म्हणाला आणि वडिलांनी लग्न ठरवून टाकलं. मी स्पेअर पार्ट्सच्या खिडकीत बसते. चहाला तो माझ्याच खिडकीशी येतो, त्यामुळे त्याच्या घरातलं मला नको तितकं ठाऊक आहे.

उदाहरणार्थ, त्याचा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, बहिणीच्या लग्नानंतर चार दिवस राहायला म्हणून आला तो आजतागायत पुढच्या खोलीतला सोफा अडवून आहे. पोरगा गोड बोलतो, पण हाताला घाई फार आणि कामाला शेवट नाही. कुठेच टिकेना, तेव्हा बघतोसाहेबांनी मालकांकडे शब्द टाकून त्याला इथे काचा बसवायच्या कामाला लावलं. दोन गाड्यांची कामं बिघडवल्यावर मालकांनी त्याला बजावलं होतं, आणखी एक चूक झाली तर गेटबाहेर. बहिणीचा जीव त्या भावात. त्याची नोकरी गेली तर तिचं काय होईल, ह्या धास्तीने आमचे साहेब अर्धे झाले होते.

आणि नेमकी ती लाल स्पोर्ट्स कार आली. गाडी दातांच्या डॉक्टरीणबाईंची. दवाखाना बंद केल्यावर बाईंनी हौसेने घेतलेली, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. मागे एकदा रस्त्यावरचा दगड उडून तिची पुढची काच फुटली होती. विम्यातून नवी काच मिळाली आणि ती आमच्याच मेहुण्याने बसवली. आता ती नवी काच घरी उभ्या उभ्या तडकली. खालच्या कोपऱ्यातून तडा निघाला आणि ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोरून वर गेला.

बाईंनी वॉरंटी मागितली. गाडीच्या कंपनीचा माणूस म्हणाला, काचेत दोष नाही, बाहेरून काहीतरी लागलंय, विम्याकडे जा. विम्याचा माणूस भिंग घेऊन आला. तो म्हणाला, दगड लागला असता तर टिंब दिसलं असतं, टिंब नाही, वॉरंटीकडे जा. दोघांनी हात झटकले आणि जाताना दोघेही म्हणाले, वर्कशॉपच्या साहेबांना विचारा, काच कशाने गेली ते तेच लिहून देतील.

साहेबांनी माझ्यादेखत त्या कोपऱ्यातली रबरी पट्टी उचलली. खाली जुन्या गोंदाचा सुपारीएवढा कडक गोळा होता. नवी काच बसवण्याआधी जुना गोंद तासून सारखा करायचा असतो. मेहुण्याने घाईत तो तसाच ठेवला होता, आणि काच इतके दिवस त्या गोळ्यावर ताणून बसली होती.

“दाजी, त्यात काय एवढं,” मेहुणा मागून येऊन म्हणाला. त्याच्या हातात खिळा आणि हातोडी. “इथे एक टिंब पाडतो. दगड लागला म्हणायचं. विमावाले भरतील, बाई खूश, आपण मोकळे.”

“बघतो,” साहेब म्हणाले आणि हातोडी काढून घेऊन स्वतःच्या खणात ठेवली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “ताई, मला तोंडावर खोटं बोलता येत नाही हो. नाहीतर जन्मभर बघतो बघतो कशाला करत बसलो असतो?”

मला तेव्हा त्यांची कीव आली. चीडही आली, कारण खरं काय ते सांगून टाकायला एक वाक्य पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. “आत बसा,” त्या म्हणाल्या, “आतून तडा नीट दिसतो.” साहेब आधी वाकले, मग एक पाय, मग कंबर, असे टप्प्याटप्प्याने त्या सीटमध्ये उतरले. गुडघे छातीशी आले. बाईंनी शेजारी बसून दारं लॉक केली. गाडी माझ्या खिडकीसमोरच उभी होती. तड्याची रेघ बरोबर साहेबांच्या तोंडावरून गेलेली मला दिसत होती. ते दाराचा खटका चाचपत होते. आतलं बोलणं मला त्यांनीच नंतर सांगितलं.

“वॉरंटी का विमा?” बाईंनी विचारलं.

“बघतो.”

“तुम्ही खूप बघितलंत. जन्मभर मी लोकांची तोंडं उघडली आहेत. सांगितल्याशिवाय दार उघडायचं नाही.”

दगड म्हणावं तर धडधडीत खोटं. गोळा म्हणावं तर मेहुणा आज गेटबाहेर आणि घरात रडारड. घामाने त्यांचा शर्ट सीटला चिकटला. शेवटी ते म्हणाले, “दोन्ही नाही. चूक वर्कशॉपची. गोंद वाळायच्या आत मी गाडी बाहेर काढायला लावली. माझी घाई झाली.”

ज्याला खोटं बोलता येत नव्हतं तो बोलला, आणि तेही स्वतःवर ढकलून.

बाईंनी उतरून त्यांच्या बाजूचं दार उघडलं. साहेबांना उठताच येईना, तेव्हा त्यांनीच हात धरून बाहेर ओढलं. काच मालकांनी बदलून दिली. जुनी काच काढायचं काम मेहुण्याकडेच आलं, आणि त्याने सगळ्यात आधी तो गोळा खरवडून टाकला. त्या कामात मात्र कसर ठेवली नाही. साहेबांना मालकांनी गेटवर बसवलं, आलेल्या गाड्यांचे नंबर लिहायला. मला त्यांनी शपथ घातली. मी तोंड उघडलं तर ते खोटे ठरतात, मिटलं तर माझा जीव घुसमटतो. स्वतः अडकले ते अडकले, मलाही आत ओढून दार लावून घेतलं.

परवा त्यांची बायको विसरलेला डबा घेऊन आली. शेजारी भाऊ उभा, नवा शर्ट घालून. साहेबांच्या जागी कुणीतरी दुसराच बसलेला, आणि चूक केली म्हणून साहेब आता गेटवर असतात हे त्याच्याकडून ऐकून तिचा चेहरा पडला. गेटवर येऊन सगळ्यांसमोर ती नवऱ्याला म्हणाली, “माझ्या भावाकडून शिका जरा. तुम्हीच त्याला लावलंत ना इथे? कोणी बोट दाखवतं का त्याच्या कामाकडे? तुमच्यामुळे मान खाली घालायची वेळ आली त्याला.”

मेहुण्याने बुटाच्या टोकाने खडा उडवला. मी खिडकीतून अर्धी बाहेर आले होते. साहेबांनी तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, नको.

“आता तरी नीट लक्ष घालाल ना कामात?” तिने विचारलं.

त्यांनी डबा हातात घेतला.

“बघतो,” ते म्हणाले.