आधी कॅन्सल

सक्करदऱ्याच्या आमच्या छोट्या ऑफिसात आम्ही कापड दुकानांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. तिथं एक सीनियर बाई आहेत. कुणीही नवा प्रोग्राम दाखवला, की त्या माउस ओढून घेतात, फाइल सेव्ह करायची खिडकी उघडतात आणि नाव न देताच ‘कॅन्सल’ दाबतात. बरेच प्रोग्राम तिथंच कोसळतात. माझा कोसळला तेव्हा मी वैतागलो, ‘‘मॅडम, सेव्ह करायला आलेला माणूस कॅन्सल कशाला करेल?’’

‘‘मन बदलते गा माणसाचं. त्याची सजा त्याले काहून?’’

पुढे गांधीबागेतल्या एका कापड दुकानाच्या शेठजींना तोच प्रोग्राम दुरुस्त करून दाखवायला बाई आणि मी गेलो. शेठजींनी सकाळपासूनचा माल टाइप केला, सेव्हची खिडकी उघडली, आणि तेवढ्यात लग्नाच्या बस्त्याचं गिऱ्हाईक आलं. घाईत कॅन्सल दाबून ते उठले. मी पडद्याकडे वाकलो.

परत येऊन त्यांनी सरळ पुढची ओळ टाइप करायला घेतली. टाइप केलेला सगळा माल पडद्यावर जागच्या जागी होता.

बाई चहा पीत होत्या. हळूच म्हणाल्या, ‘‘पाह्य, त्याले काही समजलंच नाही.’’

इतक्या खूश त्या पगारवाढीलाही दिसल्या नव्हत्या.